बाई, मामाचं प्रकरण गाळलेलं नाही

प्रिय बाई,

काल तुमच्या स्मरणार्थ भरलेल्या चर्चासत्रात मी भांडले. चांगली मोठ्यानं भांडले. माइक बंद केला तरी बोलत राहिले. तुम्ही असतात तर कॉलेजातून थेट तुमच्याकडे आले असते आणि चपला काढता काढताच सगळं सांगून टाकलं असतं. आता कुणाला सांगू? गोष्ट तर सोलापूरभर झाली आहे. निदान तुम्हाला ती माझ्याकडून कळावी, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. कॉलेजनं व्यासपीठावर तुमचा मोठा फोटो लावला होता. मान खाली, पदर खांद्यावर, डोळ्यांत अगदी शांत भाव. असा सोज्वळ चेहरा तुमचा मी जन्मात पाहिला नाही! ज्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला रडवलं, त्या ह्या नव्हेत, एवढं मी शेजारच्या मुलीला सांगितलंसुद्धा.

आठवतो ना तो पहिला दिवस? टॉवेलच्या कारखान्यांत चीनहून यंत्रं येतात, तिथं दुभाष्या लागतो, एवढंच ऐकून मी मैंदर्गीहून एसटीनं तुमच्याकडे चिनी शिकायला आले होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तुमच्या घरात, खालच्या मजल्यावर माग खडखडत असताना, तुम्ही विचारलंत, "चिनी लोक कसे असतात, सांग बघू."

मी म्हटलं, "आपल्यापेक्षा वेगळे."

"किती चिनी माणसं पाहिलीस?"

"एकही नाही."

"मग वेगळे आहेत हे तुला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी मी हुशारी करून आले आणि म्हटलं, "बाई, माणूस इथून तिथून सारखाच असतो." त्यावर तुम्ही जास्तच चिडलात! "हे तर त्याहून सोपं झालं. सारखाच असतो तर माझ्याकडे शिकायला कशाला आलीस? घरी बस." तेव्हा मला खरंच रडू आलं. ही बाई मला कुठल्याच बाजूला उभं राहू देत नाही, असं वाटलं होतं.

पुढं कळलं की जगभरचे मोठमोठे अभ्यासक ह्याच दोन बाजूंवर बसून वर्षानुवर्षं भांडताहेत. एक म्हणतात, आमच्याकडे पश्चिमेत तयार झालेले सिद्धान्त चीनलाही लावा, माणूस तोच आहे. दुसरे म्हणतात, चीन सर्वस्वी वेगळा, आमच्या उलट, आरशासारखा. त्याच्यात आपलं तोंड बघा. त्यांच्यातलेच काही म्हणतात, चीन फक्त चिनी माणसालाच कळेल, बाकीच्यांनी गप्प बसावं. तुम्ही हे सगळं मला वाचायला लावलंत, आणि वाचून झाल्यावर म्हणालात, "ह्या अख्ख्या भांडणात दोनच घरं आहेत बघ. एक पश्चिमेचं, एक चीनचं. आपण कुठं राहतो?"

तुमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी उर्दू. मी तर कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलत वाढलेली. "आपण भाजी आणायला गेलो तरी दुसऱ्याच्या भाषेत पाय ठेवून येतो," तुम्ही म्हणायचात, "आणि हे लोक आपल्याला शिकवणार, परक्याकडे कसं बघायचं ते!"

पण त्याच दमात मला टोकायचातही. माझं ते 'तोंड देणं' आठवतं? चिनी भाषेत कुणाची अब्रू राखली, चारचौघांत त्याला मोठेपणा दिला, तर 'चेहरा दिला' असं म्हणतात. मी वहीत झोकात लिहिलं: 'त्याने पाहुण्याला तोंड दिले.' तुम्ही वाचलंत आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. "अगं, मराठीत तोंड दिलं की लढाई होते! पाहुणा जेवायला आलाय की चाल करून?"

मग गंभीर होऊन म्हणालात, "हे बघ, आपल्याकडेही 'कुठल्या तोंडानं जाऊ' म्हणतात, 'तोंड दाखवायला जागा नाही' म्हणतात. म्हणून ते आणि हे एकच, असं धरून चाललीस आणि आपटलीस. जिथं आपटलीस ना, तिथंच अभ्यास सुरू होतो."

तुमचं पुस्तक तिथून सुरू झालं, खरं की नाही? चीनमधला 'चेहरा' आणि आपला मानपान. चेहरा ही खास चिनी गोष्ट आहे, असं पुस्तकांमागून पुस्तकांत लिहिलेलं. तुम्ही म्हणालात, खास आहे की नाही ते आधी घरात बघू. तुमचा पहिला नियमच तो, जो प्रश्न चिनी माणसाला विचारायचा तो पहिल्यांदा आपल्या माणसाला विचारायचा. आपल्या माणसाला विचारायची लाज वाटत असेल, तर त्या प्रश्नातच खोट आहे.

आणि मग माझ्या ताईच्या लग्नाला तुम्ही मैंदर्गीला आलात!

शिवमामा, माझ्या आईचा, अव्वाचा थोरला भाऊ, मांडवात पहिल्या रांगेत बसला होता. नवऱ्याकडचा माणूस माइकवर एकेकाचं नाव पुकारत होता आणि टॉवेल-टोपीचा मान देत होता. सगळ्यांची नावं आली. नवरीच्या सख्ख्या मामाचं नाव मात्र राहून गेलं. मामा उठला, मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिला. पंगत बसली तरी आला नाही. आमच्याकडच्या मंडळींचे चेहरे उतरले. आता काय होतंय, सांगता येईना.

अव्वा विहीणबाईंशी काहीतरी बोलून आली. थोड्या वेळानं व्याही स्वतः लिंबाखाली गेले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पावणं, तुमचा मान मुद्दाम शेवटी राखून ठेवला हुता. थोरल्याचा शेवटीच करायचा असतोय." साफ खोटं! मांडवातल्या लहान पोरालासुद्धा कळलं की खोटं आहे. पण मामानं टोपी घातली, टॉवेल खांद्यावर घेतला, व्याह्यांना मिठी मारली, आणि सगळा मांडव सैल झाला.

तुम्ही माझा दंड धरलात. तुमचे डोळे असे काही चमकत होते! "पायरी दिली गं! पायरी!" चिनी लोक बोलताना म्हणतात, अडचणीत उंच चढून बसलेल्या माणसाला खाली उतरायला पायरी द्यावी, म्हणजे उडी मारून त्याचं हसं होत नाही. तुम्ही ते मला वर्गात दहा वेळा समजावलं होतं. मैंदर्गीच्या लिंबाखाली ते मला दिसलं.

तुम्ही प्रकरण लिहिलंत. त्यात लिहिलंत, 'मामा रुसले.' आणि ज्याच्यावर लिहिलं त्याला ते कळावं म्हणून मामाला वाचून दाखवायला पुन्हा मैंदर्गीला गेलात. मामा कसला भडकला!

"माज्यावर लिवलंय व्हय? सर्कशीतला वाघ हाय का मी, बघून लिवायला?"

दुसरं कोणी असतं तर परत आलं असतं. तुम्ही तिथंच ओट्यावर बसून राहिलात. बऱ्याच वेळानं मामा म्हणाला, "लिवा. पर खोटं नगा लिवू. रुसलो न्हवतो मी. थांबलो हुतो."

रुसलो नव्हतो, थांबलो होतो! परतीच्या एसटीत तुम्ही हेच पुटपुटत होतात. रुसणारा स्वतःपुरतं बघतो. थांबणारा समोरच्याला चूक दुरुस्त करायला वेळ देतो. ह्या एका शब्दासाठी तुम्ही अख्खं प्रकरण फाडून नव्यानं लिहिलंत. आपण ज्याचा अभ्यास करतो त्याला आपली चूक काढायचा हक्क आहे, हा तुमचा दुसरा नियम त्या एसटीत ठरला. मी साक्षीला आहे.

मग बाई, मला सांगा, पुण्याच्या त्या परिषदेत तुम्ही गप्प का बसलात?

"हे छान आहे, पण तुमचा सिद्धान्त कुठला?" असं तुमचं मामाचं प्रकरण ऐकून तिथल्या विद्वानांनी विचारलं आणि तुम्ही नुसत्या हसलात. मी मागच्या रांगेत बसून मुठी आवळत होते. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणालात, "जाऊ दे गं, त्यांना वेळ कुठं आहे." मला तुमचा फार राग आला होता. अजूनही आहे. तुम्हाला तेव्हा बरं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तेही तुम्ही सांगितलं नाहीत! पण आजारपण सोडून द्या. तुम्ही आयुष्यभर त्यांना सूट देत आलात. मला मात्र एका चुकलेल्या शब्दाबद्दल सोडलं नाहीत.

आता काल काय झालं ते.

दिल्लीहून जे सर आले होते, ते समाजशास्त्रातले नाव घेण्याजोगे मराठी विद्वान आहेत, ह्यात वाद नाही. चर्चासत्राआधी त्यांनी मला चहाला बोलावलं. तुमच्या पुस्तकाचं हस्तलिखित मी प्रकाशकाला दिलं होतं, ते त्यानं वाचायला त्यांच्याकडेच पाठवलं होतं. म्हणाले, "पुस्तक चांगलं आहे. सुरुवातीला सिद्धान्ताचं एक प्रकरण घाला, मी मदत करतो. प्रस्तावना मी लिहितो. संपादक म्हणून तुझं नाव येईल. फक्त ते मामाचं प्रकरण काढ. ते संशोधन वाटत नाही, आठवण वाटते. आणि खरं तर हे इंग्रजीतच करा. मराठीत कोण वाचणार?"

बाई, मी अजून तासिकांवर शिकवते. पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही, ते प्राचार्यांच्या मनावर. आणि प्राचार्य तर ह्या दिल्लीच्या सरांच्या पुढं-मागं फिरत होते. संपादक म्हणून माझं नाव! खोटं कशाला सांगू, एक क्षण मला ते छापलेलं दिसलं. मी म्हटलं, "विचार करून सांगते."

मग सभागृहात सर बोलायला उभे राहिले. तुमच्याबद्दल फार गोड बोलले. चीनवर तुमचं किती प्रेम होतं, सोलापूरसारख्या गावात राहून तुम्ही किती केलंत. आणि शेवटी म्हणाले, "परंतु एका लग्नातल्या एका रुसव्यावरून दोन संस्कृतींबद्दल बोलता येत नाही. उद्या कोणीही आपापल्या मामाला घेऊन येईल!"

सगळे हसले. तुमच्या फोटोसमोर हसले, बाई.

मी उठले. माझा विचार करून झाला होता.

"येऊ देत की सर! आणू देत आपापले मामा. तुम्ही जो सिद्धान्त घाला म्हणता, तोसुद्धा कुणाच्या तरी मामावरूनच झालाय. तो मामा युरोपातला होता, एवढंच. त्याचं गाव कुणी विचारलं नाही म्हणून तो सिद्धान्त, आणि आमच्या मामाचं गाव मैंदर्गी म्हणून ती आठवण? आणि रुसवा नव्हता तो. ते तुम्ही वाचलं असतंत तर कळलं असतं. बाईंनी तो शब्द खोडलाय, का खोडला तेही लिहिलंय. परक्या माणसाचा अभ्यास कसा करावा, ह्याचं उत्तर त्या खोडण्यात आहे. दुसरा सिद्धान्त कुठला पाहिजे?"

माइक इथं बंद झाला. पण माझा आवाज गावाकडचा आहे, शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

आता पुढचं ऐका, कारण ते तुम्हाला जास्त आवडेल. पडद्यावर चीनमधून लिन बाई जोडल्या होत्या. तुमची त्यांची पत्रं चालायची, त्याच. त्यांना बोलायला सांगितलं. त्या चिनीत बोलणार आणि मी मराठीत सांगणार, असं आधीच ठरलं होतं. मला वाटलं, आता त्या आपल्या बाजूनं बोलतील.

त्या म्हणाल्या, तुमच्या बाई एका जागी चुकल्या आहेत.

आणि ते मलाच मराठीत सांगायचं होतं! सर माझ्याकडे बघत होते. दोन शब्द मऊ केले असते तर कुणाला कळलं नसतं, तिथं दुसऱ्या कुणालाच चिनी येत नव्हतं. पण तुम्ही मला तसं शिकवलंच नाहीत. जसं होतं तसं सांगितलं: "बाईंनी लिहिलंय की पायरी देणारा स्वतःही मोठा होतो. आमच्या घरी वडील आणि काका भांडले की ती पायरी दर वेळी माझी आई द्यायची. ती कधी मोठी झाली नाही. ती फक्त थकली."

हे वाक्य मराठीत म्हणताना मला एकदम लिंबाखालचे व्याही दिसले, आणि त्याआधी विहीणबाईंकडे घाईघाईनं जाणारी अव्वा दिसली.

सर म्हणाले, "झालं! आता चिनी अभ्यासकच सांगताहेत की बाई चुकल्या."

मी म्हटलं, "चुकल्या म्हणाल्या. गप्प बसायला हवं होतं, असं नाही म्हणाल्या." तेच मी लिन बाईंना चिनीत सांगितलं. त्या जोरजोरात होकारार्थी मान हलवायला लागल्या. तुम्ही चिनीत करून पत्रांतून पाठवलेलं पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून वाचलं होतं. सभागृहात ते पुरतं वाचलेल्या आम्ही दोघीच होतो, एक इथं उभी, एक पडद्यावर.

बाहेर आल्यावर मी आधी अव्वाला फोन लावला.

"अव्वा, ताईच्या लग्नात व्याह्यांना ते 'मान शेवटी राखून ठेवला' असं बोलायला कुणी सांगितलं?"

"मीच की. दुसरं कोन?"

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"कुनी इचारलं? तुज्या बाईंनी मामाला इचारलं, व्याह्याला इचारलं. मला म्हनल्या, च्या लई छान झालाय."

बाई! हे कसं झालं हो तुमच्याकडून? प्रत्येक शब्द तपासणाऱ्या तुम्ही, आणि अव्वाकडे चहाचा कप परत देऊन पुढं गेलात? मीही तिथंच होते, पण मी पोर होते, तुम्ही बाई होतात.

अव्वा पुढं म्हणाली, "मला रागबी आल्ता त्या दिवशी. त्यो थांबनार, ह्ये इसरनार, आन मी हिकडनं तिकडं पळनार. माजी लेक बोहल्यावर उबी, आन मी विहीनीच्या हातापाया पडतीय. ह्येबी लिव."

"लिहू?"

"लिव की. पर गोड करून लिवू नगंस."

सरांना मी संध्याकाळीच कळवलं की प्रस्तावना नको आणि मामाचं प्रकरण राहील. आज सकाळी प्रकाशकाचा निरोप आला, मग आम्हाला जमणार नाही. प्राचार्य म्हणाले, "सुवर्णा मॅडम, पाहुण्यांशी असं बोलतात का?" पुढच्या वर्षीच्या तासांचं ते काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे काय, ते मला कळतं. भीती वाटत नाही असं नाही. पण काल रात्री मला गाढ झोप लागली, हेही तितकंच खरं.

दुपारी मी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात गेले. पुस्तकं ते क्वचित छापतात. मालकांनी पानं उलटली, चिनी अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, ये अक्षरां हमारे मशीन में नै उठते. पर तुमे घबराव नक्को, करतूं कुछ तो." मग ते मामाचं प्रकरण उभ्या उभ्या वाचत राहिले आणि आपल्या साडूची एक गोष्ट सांगायला लागले, ती संपेपर्यंत मला निघताच आलं नाही. मराठीत कोण वाचणार, म्हणे!

तर पुस्तक येईल. तुम्ही लिहिलंत तसं, मराठीत, मामासकट. मामाच्या प्रकरणाला लागूनच लिन बाईंचा आक्षेप येईल, त्यांच्या शब्दांत, भाषांतर माझं. त्यांना मी त्यांच्या आईवर सविस्तर लिहायला सांगितलंय. अव्वावर मी लिहीन, ते वेगळं, माझ्या नावावर. तुमच्या पुस्तकात घुसवून तुम्ही ते आधीच पाहिलं होतं, असं भासवणार नाही. तुम्हाला ते दिसलं नव्हतं, बाई. ते तसंच राहू दे.

काल सगळ्यांनी तुम्हाला आदरांजली वाहिली आणि तुमचं कुणी काही वाचलं नाही. मला तसला आदर जमायचा नाही. 'बाई म्हणाल्या म्हणून' असं मी कुठंही लिहिणार नाही, हे वचन देते. तुमचं पटेल तिथं पुरावा देईन. नाही पटलं तिथं तुमच्याशी भांडेन, छापून भांडेन, सगळ्यांदेखत. आणि न वाचता कुणी तुम्हाला बाजूला सारायला आलं, तर त्याला समोर बसवून पहिल्या पानापासून वाचायला लावीन, मग तो दिल्लीचा असो नाहीतर आणखी कुठला. वाचून झाल्यावर त्यानं तुमच्या चुका खुशाल काढाव्यात. मी तिथंच बसलेली असेन.

तुमचं सगळं न पटणारी,
तुमचीच
सुवर्णा